न्यूरेंबर्गच्या आधीचे खार्कीव

नाझी युद्धगुन्हेगारांचा न्याय म्हटले की न्यूरेंबर्गच आठवते. तो खटला २० नोव्हेंबर १९४५ रोजी सुरू झाला. त्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी, १५ ते १८ डिसेंबर १९४३ या काळात, युद्ध ऐन भरात असताना युक्रेनमधील खार्कीवमध्ये सोव्हिएत लष्करी न्यायालयासमोर लांगहेल्ड, रिट्झ आणि रेट्झलाफ हे तीन जर्मन उभे होते.

चौथा आरोपी बुलानोव हा जर्मनांसाठी काम करणारा सोव्हिएत ड्रायव्हर. त्याचा ज्या मोटारीशी संबंध होता, तिची मागची पेटी हवाबंद असे. माणसे आत कोंबायची, इंजिन चालू करायचे आणि धुराड्याचा विषारी धूर नळीने आत सोडायचा. ही यंत्रणा भर न्यायालयात उलगडली गेली. ‘वरून हुकूम होता’ हा बचाव टिकला नाही. १९ डिसेंबरला चौघांनाही हजारोंच्या गर्दीसमोर फाशी दिले गेले.

निकाल आधीच ठरलेला होता, हे उघड आहे. स्टालिनच्या राजवटीत दुसरे काय होणार? पण गुन्हे खरे होते. अधिक टोचते ते वेगळेच. खार्कीवजवळच्या द्रोबित्स्की यार घळीत हजारो ज्यूंना ते ज्यू म्हणूनच मारले गेले, आणि आरोपपत्राने त्यांना नुसते ‘शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक’ म्हटले.