समुद्रकिनाऱ्यावरील मेणपुतळ्यांचे संग्रहालय : ब्लॅकपूल येथील कामगारवर्गीय विरंगुळ्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
संग्रहालय म्हटले की नाणी, ताम्रपट, शिल्पे डोळ्यांपुढे येतात. मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन मात्र केवळ करमणूक समजून इतिहासलेखनात दुर्लक्षिले जाते. वस्तुतः सामान्य माणसाने सुटीच्या दिवशी काय पाहिले, हा सामाजिक इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्लॅकपूल येथील लुई तुसाद मेणपुतळा संग्रहालयाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मेणपुतळ्यांची परंपरा :
मारी ग्रोशोल्त्स (1761–1850) हिने ही कला पॅरिसमध्ये फिलिप कुर्तियस या वैद्याकडून आत्मसात केली. 1794 मध्ये त्याच्या निधनानंतर पुतळ्यांचा संग्रह तिच्याकडे आला. विवाहानंतर मादाम तुसाद झालेली मारी 1802 मध्ये ब्रिटनला गेली. सुमारे तीन दशके गावोगावी प्रदर्शने भरवून 1835 मध्ये तिने लंडनच्या बेकर स्ट्रीटवर स्थायी प्रदर्शन उभारले. छायाचित्रे सर्वत्र पोहोचण्यापूर्वीच्या त्या काळात राजे, सेनानी आणि कुप्रसिद्ध गुन्हेगार यांचे चेहरे जवळून पाहण्याची संधी त्यामुळे सामान्यांना मिळाली.

गिरणी कामगार आणि ब्लॅकपूल :
1846 मध्ये लोहमार्ग पोहोचल्यावर ब्लॅकपूलचे रूप पालटले. लँकेशायरमधील कापडगिरण्यांच्या गावांत 'वेक्स' सप्ताहाची प्रथा होती. प्रत्येक गावातील गिरण्या ठरलेल्या आठवड्यात बंद राहत आणि कामगार कुटुंबे समुद्रकिनारी जात. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (1861–65) मुंबई बंदरातून ज्या लँकेशायरला मोठ्या प्रमाणात कापूस गेला, तोच हा प्रदेश होय. ही सुटी दीर्घकाळ बिनपगारी होती. तिच्यासाठी कामगार वर्षभर मंडळांत पैसे साठवीत. पगारी रजेचा कायदा 1938 मध्ये झाला. म्हणजेच येथील प्रत्येक प्रवेशशुल्कामागे काटकसर होती. 1894 मध्ये उभा राहिलेला 518 फूट उंचीचा मनोरा याच प्रेक्षकवर्गासाठी होता.

संग्रहालय आणि त्यातील विसंगती :
मारीचा पणतू लुई तुसाद याने मूळ कुटुंबसंस्थेपासून वेगळे होऊन स्वतःचा व्यवसाय सुरू केला. 1900 च्या सुमारास तो ब्लॅकपूलला आला. 1929 मध्ये संग्रहालय किनाऱ्यालगतच्या मध्यवर्ती रस्त्यावर हलले. येथे प्रसिद्ध व्यक्तींच्या पुतळ्यांबरोबरच शरीररचनेच्या मेणाकृतींचा, केवळ प्रौढांसाठी राखलेला विभाग होता. अशाच प्रकारच्या मेणाकृती फ्लॉरेन्समधील 'ला स्पेकोला' या 1775 मध्ये खुल्या झालेल्या संग्रहालयात विज्ञानाची साधने म्हणून मांडलेल्या होत्या. ब्लॅकपूलला त्या कुतूहलाचा विषय ठरल्या.

याउलट उदाहरण शिल्पकार जेकब एपस्टाइन यांचे आहे. 'जेकब अँड द एंजल' (1940–41) हे त्यांचे अलाबास्टर दगडातील शिल्प 1950 च्या दशकात याच संग्रहालयात, शरीररचनेच्या चमत्कृतींच्या सान्निध्यात ठेवलेले होते. पुढे 1996 मध्ये लंडनच्या टेट संग्रहालयाने ते संपादन केले. दगड तोच राहिला. त्यावरील नावाची पाटी मात्र 'चमत्कृती' ऐवजी 'कलाकृती' अशी झाली. ब्लॅकपूलच्या कामगारांनी ही कलाकृती कलारसिकांच्या मान्यतेची वाट न पाहता पाहिली होती. त्यांनी ती कोणत्या भावनेने पाहिली, हे जाणण्याची तसदी मात्र कलेतिहासाने फारशी घेतली नाही.

2010 मध्ये हे संग्रहालय बंद झाले आणि 2011 मध्ये त्या जागी मादाम तुसाद संस्थेची नवी शाखा सुरू झाली. शतकभराचे एक लोकप्रिय प्रदर्शन अशा रीतीने संपुष्टात आले.

निष्कर्ष :
1. मेणपुतळा संग्रहालयाने औपचारिक शिक्षणापासून दूर राहिलेल्या वर्गाला इतिहास व समकालीन घडामोडी यांचे दृश्य ज्ञान दिले.
2. स्वस्त रेल्वेप्रवास व सामूहिक सुटी या औद्योगिक समाजाच्या घटकांवर त्याची लोकप्रियता आधारलेली होती.
3. संग्रहालय आणि तमाशा यांतील सीमारेषा वस्तूच्या गुणांइतकीच तिच्या प्रेक्षकाच्या सामाजिक दर्जावरून ठरते. म्हणूनच कोणत्या वस्तू जतन झाल्या याबरोबरच, त्या कोणी पाहिल्या याचीही नोंद इतिहासकाराने घेणे आवश्यक आहे.