कोरेपणाचा इतिहास

मूल धूळपाटीवर पहिलें अक्षर गिरवितें, तेव्हां त्याचें बोट दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत असतें. धूळपाटीचे दिवस कधींच मागें पडले. परंतु तो धरणारा हात अद्यापि सुटलेला नाहीं, याचा प्रत्यय आम्हांस एका अनपेक्षित ठिकाणीं आला. तिन्हीसांजेस आपोआप उजळणारा एक लहानसा दिवा घरीं करावा, या हौसेनें आम्हीं पुण्याच्या तपकीर गल्लींतून अठ्ठावीस पायांची एक कोरी चिप आणली. ही चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, अर्थात् गणित करणारा भाग, आज्ञा सांठविणारी स्मृति आणि बाहेरच्या तारांशीं बोलणारे पाय हीं सर्व एकाच तुकड्यांत सामावलेलें चिमुकलें गणकयंत्र. आम्हीं आज्ञा लिहून सिद्ध केल्या, चिप संगणकास जोडली. पण ती मुकीच राहिली. जी पाटी इतकी कोरी कीं, अक्षर घेण्याचेंहि जिला ज्ञान नाहीं, तिच्यावर लिहावें कसें? या अडचणीनें आम्हांस या कोरेपणाच्या इतिहासाकडे वळविलें.

तो पाहूं लागल्यावर पहिलें नवल असें कीं, आरंभीं अशी चिप कोरी नसेच. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीनें १९७४ सालीं ‘टीएमएस १०००’ हा मायक्रोकंट्रोलर विक्रीस काढला. त्यांतील आज्ञा कारखान्यांतच, ज्या छापांच्या योगें सिलिकॉनवर आकृति उमटवीत, त्यांतील एका छापांत घातलेल्या असत. ताम्रपटावरील अक्षरांप्रमाणें तें लेखन अढळ होतें. चूक राहिली तर छाप नवा करावा व माल टाकून द्यावा. हजारोंनीं चिपा घेणाऱ्यास हें परवडे. एकच दिवा लावूं पाहणाऱ्या हौशी मनुष्यास मात्र त्या दारांत उभें राहण्याचीहि सोय नव्हती.

तें दार किलकिलें झालें तें एका दोषाच्या शोधांतून. इंटेल कंपनींत डोव्ह फ्रोमन हे कांहीं चिपा कां बिघडतात याचा तपास करीत होते. त्यांतील विद्युत्-द्वारांचा संबंध तुटलेला आढळला. चोहोंकडून निरोधकानें वेढलेल्या अशा सुट्या द्वारांत विद्युद्भार कोंडून राहूं शकतो, हें तत्त्व बेल लॅबोरेटरीजमध्यें डावॉन कांग व सायमन झी यांनीं १९६७ सालींच मांडलें होतें. फ्रोमन यांनीं त्या कोंडलेल्या भारासच अक्षर केलें. त्यांतून १९७१ सालीं ‘१७०२’ ही स्मृतिचिप निघाली. तींत २,०४८ खुणा मावत, आणि मुख्य म्हणजे त्या पुसतां येत. चिपेच्या पाठीवर क्वार्ट्झ काचेची खिडकी असे. तींतून जंबुपार किरण सुमारें वीस मिनिटें पाडले कीं, कोंडलेला भार निघून जाई व पाटी पुन्हां कोरी होई. उन्हानें लेख पुसूं नये म्हणून खिडकीवर कागदाची चिकटपट्टी लावण्याची रीत होती. १९७६ सालच्या सुमारास इंटेलच्या ‘८७४८’ मध्यें ही खिडकी मायक्रोकंट्रोलरलाच लाभली.

तात्पर्य, कोरेपण ही आयती मिळालेली स्थिति नव्हे. तें मनुष्यानें कमावलेलें आहे. ज्यावर चूक पुसतां येत नाहीं, त्यावर शिकतां येत नाहीं, आणि जेथें शिकतां येत नाहीं तेथें कारागिरी मूठभरांचीच राहते. पुढील सर्व सुधारणा या पुसण्याच्याच होत. १९८४ सालीं तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका यांनीं फ्लॅश स्मृति जगापुढें मांडली. तींत विजेच्या योगेंच मोठा भाग एकदम पुसला जातो. १९९३ सालीं मायक्रोचिप कंपनीचा ‘पिक १६सी८४’ आला. त्याची स्मृति विजेनेंच पुसली जाई, म्हणून किरणांचा दिवा अनावश्यक झाला, आणि हौशी लोक त्यावर लिहिण्याचें साधन घरींच बनवूं लागले. नॉर्वेंतील ट्रॉनहाइम येथें आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान या विद्यार्थ्यांनीं आंखलेली रचना अ‍ॅटमेल कंपनीनें ‘एव्हीआर’ या नांवानें बाजारांत आणली. २००५ सालीं इटलींतील इव्रेआ गांवीं याच जातीच्या चिपेभोंवतीं ‘आर्डुइनो’ नांवाची स्वस्त पाटी तयार झाली. आमची चिपहि त्याच कुळांतली. तिच्यावर दहा हजार वेळां लिहावें व पुसावें.

मग ती मुकी कां? आर्डुइनोच्या पाटीवरील चिपेंत बूटलोडर नांवाचा एक इवलासा लेख आधींच घातलेला असतो. संगणकाकडून आज्ञा ऐकून त्या स्मृतींत उतरविणें एवढेंच त्याचें काम. आमच्या चिपेंत तो नव्हता. तो घालण्यास सहा तारा लागतात, आणि त्यांच्या दुसऱ्या टोंकास एखादी शिकलेली चिप असली तरी चालतें. म्हणून आम्हीं घरांतील जुनी आर्डुइनो पाटी गुरु म्हणून बसविली. पहिल्या दिवशीं आमच्या घाईनें घात केला. बाह्य स्फटिकाच्या ठोक्यावर चालण्याची खूण आम्हीं चिपेंत आधीं केली, आणि स्फटिक जोडलाच नव्हता! तालाविना ती निपचित पडली. दोन दिवस आम्ही ती मेली असेंच समजत होतों. स्फटिक जोडतांच ती बोलूं लागली. तिसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेस दिवा लागला.

आतां मनांत प्रश्न येतो तो असा: शिकविणाऱ्या चिपेस कोणीं शिकविलें? तिच्या आधींच्या चिपेनें, आणि तिला? या मालिकेच्या मुळाशीं जावें तर १९७५ सालचा ‘आल्टेअर ८८००’ हा हौशी लोकांचा संगणक आठवतो. कागदी फितीवरील मोठी आज्ञावली वाचतां यावी म्हणून प्रथम थोड्या आज्ञा त्याच्या तोंडावळ्यावरील खटके एकेक करून वरखालीं करीत भरवाव्या लागत. तेथें गुरु म्हणून दुसरें यंत्र नव्हतें. होतें तें मनुष्याचें बोट. यंत्रें एकमेकांस शिकवितात, असें आज मोठ्या आश्चर्यानें बोलण्यांत येतें. आम्हांस त्यांत आश्चर्यापेक्षां ऋण अधिक दिसतें. कोरी चिप विकत मिळते, ती पुसण्याची सोयहि तिच्याबरोबर मिळते. पण पहिलें अक्षर मात्र अजूनहि कोणीतरी हात धरूनच गिरवून घ्यावें लागतें.