कारणाचा रकाना : व्यसनाभ्यास आणि संख्याशास्त्रीय पद्धतीची निवड

जुना कागद हाती आला म्हणजे तो अस्सल की नक्कल, आणि लिहिणाऱ्यास त्यातील मजकूर प्रत्यक्ष ठाऊक होता की ऐकीव, हे आधी पाहावयाचे, ही शिस्त इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे. वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापन केलेल्या, आणि पुढे सदाशिव पेठेत स्थिरावलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे कार्य याच शिस्तीवर उभे आहे. आकड्यांच्या बाबतीत मात्र ती आपण विसरतो. आकडा छापील तक्त्यात जाऊन बसला की त्याचे कूळमूळ कोणी विचारीत नाही. व्यसनांच्या अभ्यासात संख्याशास्त्रीय पद्धत कोणती निवडावी, हा प्रश्न वस्तुतः या विस्मरणापासूनच सुरू होतो. त्याचे एक बोलके उदाहरण येथे पाहावयाचे आहे.

भांग, गांजा व चरस यांच्या परिणामांविषयी ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न निघाल्यावर हिंदुस्थान सरकारने १८९३ साली इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन नेमले. सात सभासदांपैकी तीन भारतीय होते. कमिशनने १,१९३ साक्षी मिळविल्या. महाराष्ट्रासही हा प्रश्न दूरचा नव्हता; नगर जिल्ह्यात त्या काळी गांजाचे पीक निघत असे. गांजाने वेड लागते, ही समजूत सर्वत्र दृढ होती आणि तिला आधार होता वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांचा.

कमिशनने या नोंदवह्यांची उलटतपासणी केली. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या वेडाचे कारण या मादक द्रव्यांवर लादलेले होते. मूळ कागद तपासता असे दिसून आले की, कारणाचा रकाना बहुधा पोलीस वा मॅजिस्ट्रेट यांजकडून आलेल्या माहितीवरून भरला जाई, व इस्पितळाचा अधिकारी तीच माहिती उतरून घेई. रकाना रिकामा ठेवणे प्रशस्त नव्हे. गांजाचे नाव मात्र सहज सुचणारे होते. एकेका रुग्णाची स्वतंत्र चौकशी केल्यावर २२२ पैकी ९८ च उरले. त्यांतही केवळ या द्रव्यांचाच संबंध सांगता येईल असे ६१, आणि इतर कारणांशी मिश्र असे ३७. शेकडा साडेसोळांचे प्रमाण सुमारे सव्वासातांवर आले.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास यात एक परिचित गोष्ट दिसते. रकान्यातील ‘गांजा’ हा शब्द रुग्णाविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक तो लिहिणाऱ्याविषयी सांगतो.

तथापि नोंद शुद्ध झाल्यानेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. वेड्यांपैकी गांजा ओढणारे किती, हा एक प्रश्न; गांजा ओढणाऱ्यांपैकी वेडे होणारे किती, हा सर्वस्वी वेगळा. इस्पितळाची वही पहिल्याचेच उत्तर देऊ शकते. कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग कसोटी १९०० साली आली; परंतु चुकीच्या तक्त्यावर ती चालविली तर चूकच अधिक ठाम होईल. इस्पितळातील रुग्णांत दिसणारा संबंध दाखल होण्याच्या रीतीतूनच उद्भवू शकतो, हे बर्कसन यांनी १९४६ साली दाखविले. रुग्णांशेजारी तुलनेसाठी इतरांचा गट ठेवून धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल व हिल यांनी १९५० साली मांडला, तो हे भान राखूनच.

आजच्या अभ्यासकापुढे साधने पुष्कळ आहेत. व्यसन सुटले की नाही, एवढेच पाहावयाचे असेल तर एक पद्धत. किती दिवस सुटले, हे पाहावयाचे तर कालावधीचा विचार करणारी दुसरी, जिला कॉक्स यांच्या १९७२ च्या निबंधाने मोठी चालना दिली. आठवड्यातील पिण्याचे दिवस मोजावयाचे, आणि बहुतेकांचे उत्तर शून्य, तर सरासरी फसवी ठरते व शून्यांसाठी वेगळी मांडणी लागते. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्यांचा पुढे मागोवा घ्यावयाचा झाला, तर भेटीस न येणारा मनुष्य बरा झाला की पुन्हा व्यसनाधीन झाला, हे त्याच्या अनुपस्थितीवरून ठरविता येत नाही. त्यास गणनेतून वगळणे म्हणजे निष्कर्ष आधीच ठरविणे होय.

सारांश, पद्धतीची निवड ही सूत्रांची निवड नसून प्रथम प्रश्नाची व नंतर साधनाची पारख आहे. त्या २२२ पैकी १२४ माणसांवर चिकटविलेले कारण तपासाअंती टिकले नाही. ते शोधून काढण्यास त्या काळी कोणतेही प्रगत सूत्र उपलब्ध नव्हते; रकाना कोणी भरला, एवढेच विचारावे लागले.