कृष्णामाईचा पहारा



हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. सात दिवस, सात रात्री ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. कोणाचा पहारा किती ते किती, याची यादी देवळाच्या भिंतीवर लावलेली असते. रात्री दोन ते चारचा पहारा सगळ्यांत अवघड. ऐकायला कोणी नसते, समई मंद झालेली असते, तरी वीणेकरी उभा असतो. आज अशाच एका पहाऱ्याचा इतिहास तुमच्यापुढे मांडायचा आहे. तो देवळातला नाही. आपल्या शहरांचे सांडपाणी जिथून नदीत पडते, त्या तोंडावरचा आहे.

कीर्तनकाराने गटारावर लिहावे, याचे कारण आधी सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका गावी माझे काल्याचे कीर्तन होते. तीर्थाचा महिमा सांगता सांगता मी बोलून गेलो, की कृष्णामाईला कशाचाही विटाळ होत नाही, जे मिळेल ते ती पावन करते. कीर्तन झाले. पाया पडायला आलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "महाराज, नदीला काय बी लागत न्हाई म्हणता, मग तुमच्या तांब्यात बाटलीतलं पाणी का वतलंया?" पन्नास वर्षे पाठ केलेल्यातले काहीही तेव्हा कामी आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, आणि जे सापडले ते इथे लिहितो आहे.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. धोम, वाई करत ती साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला प्रीतिसंगमावर कोयनेला भेटते. पुढे औदुंबरला दत्तप्रभूंच्या पायाशी जाते, सांगलीला वळसा घालते, हरिपूरला वारणेला घेऊन नरसोबाच्या वाडीला पोहोचते. ही तीर्थांची माळ आहे. पण याच माळेत दुसरी एक माळ ओवलेली आहे. साताऱ्याने सोडलेले कराडच्या वाटेला येते, कराडने सोडलेले सांगलीच्या, सांगलीने सोडलेले वाडीच्या. वरच्या गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे तीर्थ. इथून पुढचे सगळे या एका वाक्यात आहे.

पूर्वी हा प्रश्न का नव्हता? आपले पूर्वज फार शुद्ध होते म्हणून नव्हे. पाणी डोक्यावरून आणावे लागे, म्हणून ते थोडे वापरले जाई. आणि मैला नदीत जात नसे, कारण तो माणसाच्या डोक्यावरून वाहिला जाई. १८५० च्या कायद्याने आपल्याकडे नगरपालिका निघू लागल्या. सातारा, कराड, वाई इथल्या नगरपालिका त्याच दशकातल्या. त्यांच्या कामात पाटीचा मैला उचलणे हे मोठे काम होते, आणि ते एकाच समाजाच्या माथी मारलेले होते. आपल्या घाटांची स्वच्छता त्या माणसांच्या अपमानावर उभी होती, हे वारकऱ्याने विसरू नये. गाडगेबाबा हे विसरले नाहीत. गावात शिरले की आधी हातात खराटा, गटारे साफ, आणि मग रात्री कीर्तन. आम्ही त्यांचे कीर्तन घेतले, खराटा तेवढा विसरलो.

पुढे नळ आले, पाणी ओतून वाहवायचे संडास आले. माणसाच्या डोक्यावरची पाटी उतरली, हे फार चांगले झाले. पण ती पाटी आपण नदीच्या डोक्यावर ठेवली. सरकारी नियोजनात शहरातल्या माणसामागे दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे मानतात. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ५ लाखांवर होती. तुम्हीच गुणाकार करा. या हिशेबाने दिवसाला ५ कोटी लिटरहून अधिक सांडपाणी होते, आणि ते कुठेतरी जायचेच.

ते जाण्याआधी शुद्ध करावे, आणि शुद्ध झाले की नाही हे मोजावे, हा विचार विलायतेत आधी पक्का झाला. तिथल्या रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात सांडपाण्यासाठी आकडा घालून दिला. त्यातला मुख्य शब्द आज बीओडी म्हणून ओळखला जातो. अवघड वाटला तरी अर्थ सोपा आहे. घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. ती किती प्राणवायू खाईल, त्याचे माप म्हणजे बीओडी. आकडा जितका मोठा, तितका माशांच्या वाट्याचा श्वास कमी. आपल्याकडे पाण्याचा नमुना २७ अंश उष्णतेत तीन दिवस ठेवून हे माप घेतात.

महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी त्यातून प्रदूषण नियंत्रण मंडळ उभे राहिले. संपूर्ण देशासाठीचा कायदा १९७४ चा. त्या कायद्याचे मर्म असे, की कारखाना असो वा नगरपालिका, मंडळाच्या संमतीशिवाय नदीत काही सोडायचे नाही. संमतीपत्रात किती पाणी, कोणत्या दर्जाचे, कुठे सोडायचे, हे लिहिलेले असते. नमुना कसा घ्यायचा, हेही कायद्यात आहे. सोडणाऱ्याला रीतसर सूचना द्यायची, त्याच्या समोर नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, सीलबंद करून दोघांनी सह्या करायच्या. ही रीत मोडली तर तो नमुना न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे कायद्याने पाण्याला साक्षीदार केले आणि त्या साक्षीला शिस्त घातली.

हे वाचताना मला संगम माहुली आठवली. रामशास्त्री प्रभुणे त्या माहुलीचे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांनाच त्यांनी दोषी ठरवले आणि पद सोडले. सांडपाण्याच्या बाबतीतही नेमका हाच पेच आहे. कारखान्याला नोटीस काढणे सोपे. पण सोडणारी नगरपालिका असली, म्हणजे सरकारचेच एक अंग असले, तर त्याला विचारायचे कोणी?

याचे उत्तर १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने दिले. मध्य प्रदेशातल्या रतलाम गावच्या एका वस्तीतले लोक उघड्या गटारांना आणि मद्यार्काच्या कारखान्यातून येणाऱ्या घाण पाण्याला कंटाळून दंडाधिकाऱ्याकडे गेले होते. नगरपालिका म्हणाली, आमच्याकडे पैसा नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, की पैसा नाही ही सबब लोकांच्या आरोग्याच्या कर्तव्यापुढे चालणार नाही. साध्या लोकांनी साध्या कलमाखाली मिळवलेला हा विजय आहे. तो आपल्या कीर्तनात दृष्टान्त म्हणून यायला हवा होता.

आता आपल्या कृष्णेकडे येऊ. १९९५ पासून राष्ट्रीय नदी संवर्धन योजना सुरू झाली, तीत कृष्णाकाठची कराड आणि सांगली ही शहरे घेतली गेली. सांगलीचा शेरीनाला तुम्ही ऐकला असेल. शहराचे सांडपाणी घेऊन तो थेट कृष्णेत उतरतो. ते उचलून धुळगावला न्यायचे, तिथे शुद्ध करून शेतीला द्यायचे, अशी योजना झाली. विचार उत्तम. घाणीचे खत आणि पाण्याचे पीक करणे ही शेतकऱ्याची जुनी बुद्धी आहे. पण अशी योजना पंपावर जगते. पंप थांबला की नाला नदीकडे वळतो, कारण उताराला सुट्टी नसते. दुसरीकडे, २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत कराड देशात पहिले आले. मनावर घेतले तर जमते, हे आपल्याच काठावर दिसले.

२०१७ साली दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांना तीन वर्षांत सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी करायला सांगितले. ऑक्टोबरात केंद्र सरकारने या केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची मर्यादा ठरवली. बीओडी लिटरमागे महानगरांत २० मिलिग्रॅम, इतरत्र ३०. हरित न्यायाधिकरणाला हे ढिले वाटले. त्याने ३० एप्रिल २०१९ रोजी १० चा आग्रह धरला. आता स्नानाच्या पाण्याचा दंडक पाहा. त्यात बीओडी ३ पेक्षा जास्त नसावी लागते. म्हणजे केंद्रातून नियमाप्रमाणे सुटलेले पाणीसुद्धा आपल्या स्नानाच्या लायक नसते. नदीत पुरेसे वाहते पाणी असेल तरच ते सामावते. उन्हाळ्यात धार बारीक झाली की सामावणार कशात? २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशात नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे मोजले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात निघाले, आणि आपली कृष्णा त्यांत होती.

कायदा आहे, मंडळ आहे, केंद्रे आहेत. मग उणे कुठे? ते मी एका केंद्रावर पाहिले. गाव सांगत नाही. माझ्याकडे पखवाज शिकलेला एक मुलगा पुढे अभियंता झाला, तो मला घेऊन गेला. आधी जाळी, तिथे चिंध्या आणि प्लास्टिक अडते. मग वाळू खाली बसण्याचा हौद. मग मोठी टाकी, तिच्यात खालून हवा सोडतात, म्हणजे घाण खाणारे सूक्ष्म जीव जगतात. मग गाळ बसवण्याची टाकी, मग क्लोरीन, मग नदी. ऐकताना मन भरून आले. सूक्ष्म जीव इथे रात्रंदिवस आपली सेवा करतात, तेही नाव न लावता. पण हवेच्या टाकीवर बुडबुडे दिसेनात. कामगार म्हणाला, "बिलामुळं दुपारी बंद ठेवत्यात, महाराज." टेबलावर नोंदवही उघडी होती. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि वहीत सायंकाळी सहापर्यंतचे आकडे भरून ठेवलेले होते.

त्या कामगाराचा मला राग आला नाही. तीन पाळ्यांच्या जागी तो एकटा होता. वही भरायला वरून सांगितलेले होते. पण माझ्या डोळ्यांपुढे सप्ताहाची भिंत आली. यादीवर सगळ्या पहारेकऱ्यांची नावे आहेत आणि वीणा जमिनीवर पडलेली आहे.

म्हणून माउली, मला उमगलेली गोष्ट एवढीच. केंद्र बांधल्याने नदी शुद्ध होत नाही. केंद्र चालू आहे की नाही हे रोज कोणीतरी खरे मोजले आणि ते सगळ्यांनी वाचले, तर होते. मंदिर बांधल्याने सप्ताह होत नाही, पहाऱ्याने होतो. मंडळ धोम, वाई, माहुली, कराड, राजापूर बंधारा अशा ठिकाणी नदीचे नमुने घेते. पण ते आकडे किती जणांनी वाचले?

सांगलीकरांना आकडा वाचायची सवय नाही असे नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी शेंबड्या पोराला विचारा. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा तासातासाला तो आकडा घरोघर पोहोचत होता. त्या आकड्यावर लोकांनी घरे सोडली, जनावरे हलवली. महापुराचा आकडा आपण असा पाठ करतो, कारण तो उंबऱ्याशी येतो. घाणीचा आकडा तांब्यातून पोटात जातो, म्हणून दिसत नाही. तो दिसेल असा करणे आपल्या हातात आहे.

काय करावे, ते सांगतो. आपल्या गावचे सांडपाणी कुठे पडते, ते एकदा पायी जाऊन पाहा. केंद्र असेल तर संमतीपत्रातला आकडा आणि या महिन्याचा आकडा नगरपालिकेकडे मागा. माहितीच्या अधिकारात तो मिळतो. तो देवळाच्या फळ्यावर एकादशीच्या सूचनेखाली लिहा. दोष दिसला तर मंडळाला लेखी कळवा. १९७४ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने साध्या नागरिकालाही ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात तक्रार करता येते. हे भांडण नव्हे, पहारा आहे. आणि त्या केंद्रावर एकटा काम करणारा जो कोणी असेल, त्याला सप्ताहाच्या पंगतीचे बोलावणे धाडा. त्याला आपल्यातला मानले, तर वहीत खोटा आकडा लिहिताना त्याचा हात थबकेल, आणि लिही म्हणणाऱ्यालाही संकोच वाटेल.

आषाढीला माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घालून पालखी सातारा जिल्ह्यात येते. ती नीरा भीमेला मिळते, आणि पंढरीची चंद्रभागा झालेली भीमा शेवटी रायचूरकडे आपल्या कृष्णेलाच मिळते. सातारा-सांगलीचे पाणी आणि चंद्रभागेचे पाणी तिथे एकच होते. विठुरायाच्या पायाशी आपण काय पाठवतो, हे आपल्या गावच्या नाल्याच्या तोंडाशी ठरते.

ती म्हातारी आता असेल की नाही, ठाऊक नाही. तिचे उत्तर द्यायचे राहिले होते, ते आज देतो. आई, चूक माझी होती. नदी पावन करते, पण तिला श्वास घेऊ दिला तर.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल.