ग्रीनलंडमधील नॉर्स वसाहतींचा अंत आणि हवामानातील पालट : कारणमीमांसेचा पुनर्विचार

दहाव्या शतकाच्या अखेरीस आइसलँडहून निघालेल्या नॉर्स लोकांनी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वसाहती केल्या आणि पंधराव्या शतकात त्या नामशेष झाल्या. सुमारे साडेचारशे वर्षे टिकलेल्या ह्या समाजाच्या अंताचे एक सोपे स्पष्टीकरण दीर्घकाळ रूढ आहे : हवा उबदार होती तेव्हा माणसे आली, थंडी वाढली तेव्हा ती संपली. हे स्पष्टीकरण सर्वस्वी खोटे आहे असे नव्हे. परंतु थंडी आणि विनाश ह्यांच्या मधला जो दुवा इतिहासकाराने शोधावयाचा, तोच त्यात गाळलेला असतो. तो दुवा कोणता, ह्याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. वसाहतीचे स्वरूप

बाराव्या शतकातील आइसलँडिक लेखक आरी थॉर्गिल्सन ह्याच्या 'इस्लेंडिंगाबोक' ह्या ग्रंथात ग्रीनलंडच्या वसाहतीचा आरंभ आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यापूर्वी चौदा वा पंधरा हिवाळे झाला असे म्हटले आहे. म्हणजे तो इ. स. ९८५-८६ च्या सुमाराचा ठरतो. लोकांना तेथे जाण्याचा मोह व्हावा म्हणून तांबड्या एरिकने त्या देशास 'हिरवी भूमी' असे नाव दिले, असेही आरी सांगतो. तेव्हा केवळ नावावरून तत्कालीन हवामानाचे अनुमान बांधणे धोक्याचे होय. 'लांडनामाबोक' ह्या ग्रंथाप्रमाणे २५ गलबते निघाली व त्यांपैकी १४ पोहोचली. समुद्र तेव्हाही दयाळू नव्हता, एवढे त्यावरून निश्चित होते.

वसाहती दोन होत्या. 'पूर्व वसाहत' ही वस्तुतः दक्षिणेस, आजच्या काकोर्तोकच्या परिसरात होती. 'पश्चिम वसाहत' तिच्या वायव्येस सुमारे ५०० किलोमीटरांवर, आजच्या नूकजवळच्या खाड्यांच्या आतल्या टोकांना होती. एकूण लोकसंख्या एका वेळी दोन-अडीच हजारांच्या फार वर गेली नसावी, असे दफनभूमींच्या अभ्यासावरून आज मानले जाते. ह्या लोकांचे जीवन गाई, मेंढ्या व शेळ्या ह्यांवर उभे होते. उन्हाळा आखूड, तेवढ्यात गवत कापून वाळवायचे आणि त्या वैरणीवर जनावरांना लांबलचक हिवाळा गोठ्यात तगवायचे. तेराव्या शतकाच्या मध्यास नॉर्वेत लिहिलेल्या 'राजदर्पण' ह्या ग्रंथात तेथील बहुसंख्य लोकांनी भाकरी कधी पाहिलेलीच नाही, असा उल्लेख आहे. अशा समाजात एक वाईट उन्हाळा म्हणजे वैरणीची तूट, आणि लागोपाठचे दोन-तीन म्हणजे कळपांचा नाश.

२. निसर्गातील पुरावा

हवामानाच्या बाजूने पहिला सबळ पुरावा पोल न्यॉरलुंड ह्यांच्या १९२१ मधील हेर्योल्फ्सनेस येथील उत्खननाने मिळाला. गोठलेल्या भूमीतील थडग्यांत वनस्पतींची मुळे शिरलेली आढळली. प्रेते पुरली तेव्हा आणि त्यानंतरही काही काळ ती भूमी उन्हाळ्यात वितळत असली पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. पुढे १९६६ मध्ये कॅम्प सेंचुरी येथे हिमस्तराचा तळापर्यंतचा गाभा काढण्यात आला आणि विली डान्सगार्ड ह्यांनी त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून गतकालीन तापमानाचा आलेख मांडला. मध्ययुगीन उष्णकाल व त्यामागून आलेले लघु हिमयुग ह्या चौकटीत नॉर्स इतिहास बसविण्याची प्रथा त्यानंतर दृढ झाली.

परंतु अलीकडच्या संशोधनाने ही चौकट बरीच सैल केली आहे. पश्चिम ग्रीनलंडमधील सरोवरांच्या गाळावरून २०११ मध्ये असे दाखविण्यात आले की, तेथे इ. स. ११०० च्या सुमारास आरंभ होऊन सुमारे ८० वर्षांत तापमान ४ अंशांनी उतरले. तरीही पश्चिम वसाहत त्यानंतर दीड-दोन शतके नांदत होती. पूर्व वसाहतीतील एका सरोवराच्या २०२२ मधील अभ्यासात तर तापमानात लक्षणीय घट न आढळता हवा कोरडी होत गेल्याचे दिसले. वैरणीच्या दृष्टीने अवर्षण हे थंडीइतकेच घातक. गारदर येथील बिशपच्या कुरणांना पाट काढून पाणी दिले जात होते, ह्या वस्तुस्थितीचा अर्थ आता अधिक स्पष्ट होतो. शिवाय दक्षिणेकडील हिमस्तर वाढल्यामुळे त्याच्या भाराने जमीन खचली व त्याच्या आकर्षणाने समुद्र किनाऱ्याकडे ओढला गेला. वसाहतीच्या काळात काही ठिकाणी पाण्याची पातळी तीन मीटरांहून अधिक चढली असावी, असे २०२३ मधील एका गणितात दिसून आले. खाडीकाठची सपाट कुरणे, म्हणजे जी मुळातच थोडी होती तीच, ह्यात गेली. सारांश, 'थंडी' ह्या एका शब्दात न मावणारे अनेक नैसर्गिक पालट येथे एकत्र आले होते.

३. समाजाचा प्रतिसाद

नॉर्स लोक आपल्या पशुपालनाला आंधळेपणाने चिकटून राहिले आणि म्हणून मेले, असा आरोप वारंवार केला जातो. तो पुराव्यापुढे टिकत नाही. मानवी अस्थींतील कार्बनच्या समस्थानिकांवरून असे दिसते की, आरंभी त्यांच्या आहारात सागरी अन्नाचा वाटा सुमारे २० टक्के होता. अखेरच्या काळात तो काहींच्या बाबतीत ८० टक्क्यांपर्यंत गेला. गोपालक समाज सीलच्या शिकारीवर जगू लागला होता. हा हट्ट नव्हे, जुळवून घेणे होय.

मात्र ह्या जुळवून घेण्यालाही मर्यादा होती. पश्चिम वसाहतीतील निपात्सोक येथील वाड्याच्या अखेरच्या थरात गाईंचे खूर आणि सुरीच्या खुणा असलेली शिकारी कुत्र्यांची हाडे सापडली. ज्या घराने आपले कुत्रे कापून खाल्ले त्याच्यापुढे दुसरा उपाय उरला नव्हता, हे उघड आहे. उलट, चौदाव्या शतकाच्या मध्यास त्या वसाहतीस गेलेला धर्माधिकारी इव्हार बार्डसन ह्याच्या वृत्तान्तात तेथे माणूस एकही नाही, पण गुरे व मेंढ्या मोकाट हिंडत होत्या, असे आहे. उपासमारीने वसाहत संपली असेल तर जनावरे उरली कशी? हा वृत्तान्त नंतरच्या नकलांतूनच आपणांपर्यंत आला आहे, हे ध्यानात ठेवूनही असे म्हणता येईल की, प्रत्येक वाड्याचा अंत एकाच प्रकारे झाला असे मानण्यास आधार नाही. कोणी भुकेने मेले. कोणी वेळीच निघून गेले.

४. व्यापार व मनुष्यबळ

थंडीचा सर्वांत मोठा आघात कुरणावर नव्हे, तर समुद्रमार्गावर झाला असावा. लोखंड, लाकूड व चर्चचे साहित्य ह्यांसाठी वसाहत युरोपवर अवलंबून होती आणि त्यांचा मोबदला वॉलरसच्या सुळ्यांनी दिला जाई. १३२७ मध्ये धर्मकराचा भरणाही सुळ्यांतच झाला. हे प्राणी वसाहतीच्या बरेच उत्तरेस मिळत; आणि प्राचीन अस्थींच्या परीक्षणावरून असे दिसते की, पुढेपुढे अधिकाधिक लहान प्राणी, अधिकाधिक दूर जाऊन मारावे लागत होते. त्याच सुमारास आफ्रिकेतील हस्तिदंत पश्चिम युरोपात विपुल येऊ लागल्याने सुळ्यांचे महत्त्व घटले. १३४९ मध्ये नॉर्वेत प्लेगने हाहाकार माजविला व जहाजे विरळ झाली. जुन्या मार्गावर उत्तरेकडून बर्फ उतरले असून तेथून जाणे जिवावरचे झाले आहे, असे इव्हारही नोंदवितो. म्हणजे शिकारीची सफर जितकी लांबली तितकाच समुद्र अधिक धोक्याचा झाला, आणि मिळकत मात्र उतरली. अडीच हजारांच्या वस्तीत एक नाव बुडाली तरी अनेक वाड्यांचे कर्ते पुरुष जात. तरुणांनी आइसलँडची वाट धरली तर ती जागा भरून निघत नसे.

५. उपसंहार

ह्या मीमांसेची कसोटी दोन तुलनांत आहे. आइसलँडनेही तीच थंडी सोसली, पण त्याची लोकसंख्या कितीतरी मोठी असल्याने तो समाज तगला. ग्रीनलंडमध्येच तेराव्या शतकाच्या सुमारास उत्तरेकडून आलेले इन्यूट लोक त्याच थंडीत दक्षिणेकडे पसरले. एकच हवामान एकास तारते व दुसऱ्यास बुडविते, तेव्हा निर्णायक कारण केवळ हवामानात शोधता येत नाही. ते थोडे मनुष्यबळ, एकाच मालावरची भिस्त आणि दूरच्या बाजारपेठेवरचे अवलंबन ह्यांत शोधले पाहिजे. हवामानाने ह्या दुर्बळ जागा निर्माण केल्या नाहीत. त्यांवर नेमका भार टाकला.

सप्टेंबर १४०८ मध्ये ह्वाल्सेयच्या दगडी चर्चमध्ये एक विवाह विधिपूर्वक लागला. वधूवर पुढे आइसलँडला परतले, आणि त्या विवाहाची काही साक्षपत्रे तेथे लिहिली गेली. ग्रीनलंडच्या नॉर्स लोकांविषयीची ही शेवटची लिखित नोंद. १७२१ मध्ये हान्स एगेडे त्यांच्या शोधार्थ आला तेव्हा त्यास केवळ भिंती आढळल्या. त्या अखेरच्या नोंदीत दुष्काळाचा वा हिमाचा उल्लेख नाही. समाज संपत आला असतानाही त्याचे विधी, साक्षीदार व करार नेहमीप्रमाणे चालू असतात. म्हणूनच केवळ लिखित साधनांत बुडालेल्या इतिहासकारास तो अंत दिसत नाही, आणि केवळ हिमस्तर वाचणाऱ्यास ती माणसे दिसत नाहीत. दोन्ही साधने एकत्र वाचल्यावाचून ह्या प्रश्नास न्याय मिळणार नाही.