उशाला दगड कोणी दिला?

राजाचा पलंग किती चांदीचा होता हे इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. पण ज्यांनी राजाची ओझी वाहिली ते रात्री कशावर पडत, उशाला काय घेत, याचा जमाखर्च कोणी ठेवला नाही. म्हणून हा लेख अंथरुणाचा. मित्रांनो, हसू नका. माणूस आयुष्याचा तिसरा हिस्सा अंथरुणावर काढतो. ज्याला अंथरूणच दिलं नाही, त्याचा तिसरा हिस्सा कोणी खाल्ला, हे विचारलंच पाहिजे.

विचारायचं आणखी एक कारण आहे. शहरातले सुखवस्तू लोक आता जमिनीवर निजण्याचे गुण गाऊ लागलेत. गादी पाठीला वाईट, उशी मानेला वाईट, एक सतरंजी टाका अन् हाताची उशी करा, म्हणतात. ते खुशाल निजोत. पण ते ऐकून आपलीही पोरं छाती फुगवून सांगतात, 'आपले बापजादे दगडावर निजले म्हणून कणखर झाले.' इथं माझं भांडण आहे. बापजादे दगडावर निजले हे खरं. पण तो दगड त्यांनी निवडला नव्हता.

आपला मुलूख कोणता? व्हऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड. आणि सोनं म्हणजे कापूस. 1853 साली निजामानं व्हऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांची नजर या काळ्या मातीवर खिळली. रेल्वे आली. अमरावती, बडनेरा, अकोल्यात सरकी काढण्याच्या जिनिंगा आणि गठाणी बांधण्याच्या प्रेसा उभ्या राहिल्या. गठाणी मुंबईला गेल्या, तिथून बोटीनं विलायतेला. अर्ध्या जगाच्या गाद्या-उशा भरतील एवढा कापूस आपल्या आयांनी वेचला. ओटीत भरून मालकाच्या ढिगावर ओतला अन् घरी येऊन रिकामं पोतं अंथरून निजल्या.

फक्त वेचलाच नाही, विणलाही. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्यप्रांताच्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यात इकडच्या महारांचा एक मुख्य धंदा म्हणून जाडंभरडं सुती कापड विणणं नोंदलं आहे. गिरणीच्या स्वस्त कापडानं तो माग बसवला. म्हणजे सूतही आपलं, मागही आपला, अन् अंगाखाली काय? तर भुई.

महारपुऱ्यात काय अंथरलं जाई, ते म्हाताऱ्यांकडून ऐकलं आणि थोडं डोळ्यांनीही पाहिलं. शेणानं सारवलेली भुई, त्यावर तरट किंवा फाटका बोरा. घरची सुगी बरी असली तर वाकळ. थंडीत खाली कडब्याच्या पेंढ्या. पावसाळ्यात काळी मातीची भिंत अन् भुई दोन्ही पाझरत, तेव्हा तुराट्या आडव्या टाकून त्यावर पोतं. उन्हाळ्यात अकोल्याची रात्रसुद्धा भाजते, म्हणून सारा पुरा अंगणात. तिथं विंचू अन् साप. उशाला ज्याचा त्याचा शोध. कोणी हाताची घडी, कोणी फडक्यात गुंडाळलेली वीट, कोणी पायलीचं लाकडी माप. बाया दिवसभर डोक्यावर ओझं वाहत ती चुंबळच रात्री मानेखाली घेत. वेचणीनंतर पऱ्हाटीवर राहिलेली कवडी गोळा करून एखादी उशी भरली, तर ती पाहुण्याची किंवा आजाऱ्याची.

बाज सहसा नसेच. बाळंतपणात कोणाची तरी मागून आणत. खाली शेगडी, वर बाळंतीण. माझी आजी म्हणे, "बाज मले पाच बाळंतपणातच भेटली बाप्पा. सवा महिना झाला का पुन्हा भुई." आणि ज्याच्या घरी बाज होती त्यालाही सुख नव्हतं. पाटील रस्त्यानं निघाला की बाजेवरून उतरून उभं राहायचं. बसलेला दिसला की शिवी ठरलेली. बाज चार पायांची, पण ती कोणत्या जातीखाली टिकेल हे गाव ठरवी.

आता वाकळीचं पोट उसवून पाहू. वाकळ म्हणजे चिंध्यांवर चिंध्या, वरून धावदोरा. या चिंध्या आल्या कुठून? मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळानं गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यात खावं, लोखंडाचे दागिने घालावेत आणि मेलेल्यांची वस्त्रं नेसावीत, असं सांगितलं आहे. लोक म्हणतात, ही पोथीतली गोष्ट, पोथीत राहिली. नाही राहिली. मयतावरचं कापड गावाकडून महाराला मिळे. त्याला 'हक्क' म्हणत! मेलेल्या माणसाचं अंथरूण घरात नको, म्हणून तेही गावकुसाबाहेर आपल्याकडं येई. तेच धुऊन, वाळवून, फाडून वाकळीत जाई. आजीच्या वाकळीत कोणाकोणाचं मरण शिवलेलं होतं, ते ती बोटानं दाखवी. "हे पांढरं अमक्याचं. अन् हे लुगडं बाळंतपणात गेलेल्या मालकिणीचं." आम्ही त्याच्यावर झोपलो. स्मृती हा ग्रंथ वाचावा लागत नाही, तो पाठीखाली अंथरलेला असतो.

13 नोव्हेंबर 1927 ला अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. विषय अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. त्यानंतर सहा आठवड्यांनी, 25 डिसेंबरला, महाडला मनुस्मृती जाळली. महाडला त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी मेलेलं जनावर आणि शिळे तुकडे सोडायला सांगितलं होतं. ते मनावर घेऊन ज्यांनी मयताचं कापडही नाकारलं, त्यांनी त्या हिवाळ्यात थंडी काढली. उबेची वस्तू गेली आणि मान आला. हे त्यागाचं खरं उदाहरण. वाकळ नसलेल्या माणसानं वाकळ नाकारणं!

खुद्द बाबासाहेबांचं अंथरूण पाहा. 1901 साली, नऊएक वर्षांचे असताना, ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर जात कळली तेव्हा गाडीवाला गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडं देऊन पोरांनी गाडी स्वतः हाकली. रात्र टोलनाक्यावर काढली. बैल सोडले, गाडी पुढं जमिनीला टेकवली आणि त्या उतरत्या फळ्यांवर अंथरूण टाकून पोरं निजली. जवळ अन्न होतं, पाणी नव्हतं, म्हणून उपाशी. पुढं परळला एका खोलीत सारा संसार. भीम जात्याजवळ निजे, पायथ्याला शेळी, आणि रात्री दोनला बाप अभ्यासाला उठवी, असं चरित्रकार लिहितात. 1917 साली विलायतेहून शिकून बडोद्याला नोकरीवर गेले तेव्हा निजायला जागा मिळाली ती पारशी धर्मशाळेत, नाव लपवून. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली. म्हणजे प्रश्न मऊ-कठीण एवढाच नव्हता. तुला पाठ टेकायला जागा द्यायची की नाही, हा होता.

ही गोष्ट आपल्याच मातीतल्या एका परटाच्या पोरानं ओळखली. गाडगेबाबा. जन्म 1876, शेणगाव, अमरावती जिल्हा. लहानपण मूर्तिजापूरजवळ दापुरे गावी मामाकडं. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात खापर. लोक गोधडेबुवा म्हणत. पण त्यांनी लोकांना 'माझ्यासारखी गोधडी पांघरा' असं सांगितलं नाही. धर्मशाळा बांधल्या. पंढरीत चोखोबाच्या नावानं धर्मशाळा उभी केली आणि 1949 साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. स्वतः भुईवर, दुसऱ्याला छप्पर. बाबासाहेब गेले 6 डिसेंबर 1956 ला. चौदा दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावला गाडगेबाबा गेले.

आता कोणी म्हणेल, आपण बौद्ध झालो, आणि अष्टशीलात तर उंच, ऐषारामी शय्या वर्ज्य आहे. मग भुई वाईट कशी? नीट वाचू या. आळवीच्या रानात, ऐन थंडीत, गुरांच्या खुरांनी टणक झालेल्या जमिनीवर पानं पसरून भगवान बुद्ध होते. हत्थकानं विचारलं, सुखानं झोप लागली का? ते हो म्हणाले. दोन्हीकडं उशा असलेल्या पलंगावरही राग, द्वेष, मोह जाळत असले तर झोप कुठली, हा त्यांचा खुलासा. वैशालीला त्यांनी लिच्छवींबद्दल सांगितलं की ते लाकडाचा ओंडका उशाला घेतात, सावध असतात, म्हणून मगधाच्या अजातशत्रूला फट सापडत नाही. उद्या ते मऊ गाद्यांवर, कापसाच्या उशांवर दिवस उगवेपर्यंत निजू लागले की त्याला संधी मिळेल.

पण त्याच धम्माचा विनय भिक्खूला डोक्याएवढी उशी देतो. लोकर, कापड, साल, गवत, पानं यांनी भरलेली गादी देतो. खाटेला आठ अंगुळं पाय देतो. कापूस भरलेली खाट तेवढी नाकारतो. म्हणजे हिशेब मापाचा आहे, छळाचा नाही. आणि अष्टशील घेणारा माणूस ते स्वतःच्या तोंडानं घेतो. शील घेता येतं, लादता येत नाही. जी भुई दुसऱ्यानं लादली ती शिक्षा. जी आपण घेतली ते शील. पाठीला दोन्ही सारख्याच लागतात. मनाला नाही लागत.

ऑक्टोबर 1956 मध्ये व्हऱ्हाडातली माणसं नागपूरला गेली, मिळेल त्या मैदानात शिदोरीचं गाठोडं उशाला घेऊन पडली. ती भुई त्यांची होती. 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो लोक तुरुंगात गेले, जेलचं कांबळं अंथरलं. 1979 साली नामांतरासाठी नागपुराहून लाँग मार्च निघाला, खडकपूर्णेच्या पुलावर अडवला गेला. त्या वाटेवरच्या रात्रीही निवडलेल्या होत्या.

म्हणून कार्यकर्त्यानं कठीण जागी निजायची सवय जरूर करावी. आज दौऱ्यावर शाळेचा ओटा, उद्या विहाराची फरशी. एक सतरंजी, एक चादर, दोन पुस्तकांवर घडी केलेला सदरा, भागतं. गादीची चटक लागलेला कार्यकर्ता विकत घेणं सोपं असतं, लिच्छवींची गोष्ट तीच सांगते. पण हा नियम स्वतःपुरता. कापूस वेचून वाकलेल्या आईला भुईवर निजवून साधेपणाची भाषणं देऊ नयेत. तिला बाज द्या. बाळंतपणाची वाट न पाहता द्या. तिच्यावर गादी टाका, डोक्याएवढी उशी द्या, आणि ती कापसाचीच भरा. त्या कापसावर तिचा पहिला हक्क आहे.

आणि एक काम करा. आपापल्या गावी जा, म्हाताऱ्यांना विचारा. तुम्ही कशावर निजत होता? उशाला काय होतं? बाजेवरून कोण उठवत होतं? वाकळीत कोणाचं कापड होतं? नावगावासह लिहून घ्या. आपला इतिहास दफ्तरखान्यात नाही. तो अजून काही घरांत घडी करून ठेवलाय, आणि त्याचे टाके रोज उसवताहेत.