फुकट वेगळं, मुक्त वेगळं

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी मालकीचा प्रोग्रॅम वापरावा का? श्रोतेहो, हा वाद लिनक्सच्या घरातच झडला. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. तिचा मूळ कोड कुणीही पाहावा, बदलावा. जगभरातून येणाऱ्या या बदलांची नोंद ठेवायला लिनस टोरवाल्ड्स यांनी २००२ मध्ये ‘बिटकीपर’ हा एका कंपनीचा प्रोग्रॅम घेतला. दाम शून्य, पण अट अशी, की फुकट वापरणाऱ्यानं त्याला स्पर्धक प्रोग्रॅम करायचा नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी विरोध केला. टोरवाल्ड्स यांचं म्हणणं, काम उत्तम होतंय ना? आणि कामाला वेग आलाही.

पुढे अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी जुळणारा मुक्त प्रोग्रॅम लिहायला घेतला. कंपनी बिनसली, २००५ मध्ये तिनं फुकट सवलत बंद केली. अनेकांचं काम अडणार होतं. टोरवाल्ड्स यांनी त्याच एप्रिलमध्ये ‘गिट’ लिहायला घेतलं. आज ते जगभर वापरलं जातं.

उधारीचं पोतं सव्वा हात रितं, असं आपल्याकडे म्हणतात. गरजेला मालकीची वस्तू घ्यावी लागते, घ्यावी. पण देणाऱ्याचा हात आखडला तर काय, हे घेतानाच ठरवावं. टोरवाल्ड्स यांच्यासारखा कारागीर प्रत्येक घरात नसतो.